मंदाबाईंचा नंबर

स्वतःची चूक सापडली की ज्याची भूक वाढते, असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे साडू. भिंगारच्या दोन खोल्यांत बसून ते एका साखर कारखान्यासाठी ऊसतोडीचा क्रम लावणारा प्रोग्राम लिहायचे, तोही फंक्शनल भाषेत. म्हणजे काय, हे त्यांनी मला चहाच्या टपरीवर समजावलं. "फंक्शनला तेच दिलं की त्यानं तेच परत द्यायचं. काल काय झालं, आज मूड कसा आहे, काही संबंध नाही." मग खात्रीसाठी टपरीवाल्याला एकच प्रश्न दोनदा विचारला. दुसरं उत्तर जरा वरच्या आवाजात आलं. "हा फंक्शनल नाही," साडू म्हणाले. घरी आमटी बिघडली, की एकेक जिन्नस वगळून ती पुन्हा करायला लावत, दोष नेमका कशात ते कळेपर्यंत. मेहुणीनं एकदा त्यांनाच वगळून जेवण उरकलं.

चाचणीसाठी त्यांचं मशीन हजार खोटे शेतकरी तयार करी. कुणी शून्य गुंठ्यांचा, कुणाचं नाव दोनशे अक्षरांचं. जितके यादीत गेले तितके क्रमात बाहेर यायला हवेत, एवढाच नियम. सगळे आले. साडू नाराज. "चूक निघाली नाही म्हणजे मी नीट शोधलं नाही."

हंगाम सुरू झाला आणि महिन्याभरात, कचेरीतल्या शिपायाकडून पत्ता काढून, श्रीगोंद्याकडच्या मंदाबाई थेट त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. मी तिथंच होतो.

"सायेब, शेजारचा समदा ऊस गेला. माजा नंबर लागंना. कचेरीत म्हन्त्यात, तुमचा तोडून झाला."

"आणि झाला नाही?"

"उभा हाय की रानात! तुरं आलं त्याला."

साडूंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि यादी निम्मी निम्मी करत चूक कुठवर टिकते ते पाहू लागले. तासाभरात दोनच नावं उरली. मंदाबाई किसन आणि मंदाबाई किसन. आडनाव एक, गाव एक. एकच बाई दोनदा आली असं समजून प्रोग्रामनं दुसरीला, म्हणजे समोर बसलेल्या मंदाबाईंना, गाळलं होतं; पहिलीचा ऊस तुटला, तोच कचेरीला यांचा वाटला. प्रोग्राममधली ती ओळ साडूंचीच. मशीनच्या हजार खोट्या शेतकऱ्यांत मात्र एकाचंही नाव दुसऱ्यासारखं नव्हतं.

"सापडली," एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन, चारचौघांसमोर "चूक माझी" असं सांगून त्यांनी तोडणीची टोळी मागितली. ती मिळायला आणखी दहा दिवस गेले. तोवर ऊस वाळून हलका झाला होता. तोड चालली तेव्हा साडू दिवसभर बांधावर उभे होते.

"मावशी, माझ्यामुळं झालं हे."

"असूंद्या. तुमी आलात तरी. बाकीचे कागदच दाखवीत हुते."

परतल्यावर त्यांनी नवी चाचणी लिहिली. एकाच नावाच्या दोन बायका, दोघींना आपापला नंबर मिळायलाच हवा. नाव मंदाबाईंचंच ठेवलं. प्रोग्राममध्ये काहीही बदललं की आधी ती चालते.

मंदाबाई गेल्या वर्षी वारल्या. रानात आता त्यांचा मुलगा कांदा करतो. परवा मी साडूंना म्हटलं, "आता ते नाव काढून टाका की."

"राहू द्या," ते म्हणाले, आणि काही बदललेलं नसतानाही त्यांनी चाचणी एकदा चालवली. दोन्ही मंदाबाईंना नंबर मिळाला.