न दिसलेलं चंद्रग्रहण

माझ्या बहिणीचं ठरत आलेलं लग्न मी एका चंद्रग्रहणानं जवळजवळ मोडलं होतं.

तेव्हा मी बोरीच्या शाळेत मास्तर होतो. निजामाच्या राजवटीत उर्दूत शिकून मराठीत शिकवणारा, म्हणजे दोन्हींत कच्चा! त्यात मला इंग्रजीही येतं, असा गावाचा (आणि माझा) समज होता. हैदराबादेहून आणलेल्या एका इंग्रजी पुस्तकात मला येत्या पौर्णिमेचं चंद्रग्रहण सापडलं. त्याआधी एक लांबलचक विशेषण होतं. ते अडलं, म्हणून सोडलं.

"मास्तर, पंचांगात गिराण न्हाई," गावचे जोशीबुवा म्हणाले.

"मग पंचांग चुकलंय!" मी भर चावडीवर सांगितलं.

नेमके त्याच पौर्णिमेला धाकट्या सुशीला बघायला चुडाव्याहून मुलाचे वडील आणि मामा यायचे होते. आईनं माझा शब्द प्रमाण मानला. दुपारपासून वेध! सुशीनं पहाटे उठून वाटलेलं पुरण म्हशीपुढं गेलं. दिवस मावळता पाहुणे आले, आगगाडी आणि बैलगाडीनं खिळखिळे होऊन. त्यांना मिळाली फक्त सतरंजी!

रात्री अकराला सगळे अंगणात, जोशीबुवाही. चंद्र घासलेल्या परातीसारखा लख्ख.

"कुठं हाय गिराण?" मामांनी विचारलं.

"ते काय, डावीकडं जरा मळकट दिसायलाय बघा."

"तुमचा चष्मा मळलाय!"

मी चष्मा पुसला. होता तेवढा मळकटपणाही गेला!

धावत आत जाऊन डिक्शनरी उघडली. विशेषणाचा अर्थ निघाला छायाकल्प. चंद्र पृथ्वीच्या दाट सावलीत शिरतच नाही, विरळ सावलीतून जातो. नुसत्या डोळ्यांना कळणं मुश्कील. मी बाहेर येऊन कबुली दिली.

"असलं गिराण कुणी पाळत न्हाई," जोशीबुवा शांतपणे म्हणाले. "म्हणून तर पंचांगात देत न्हाईत."

मुलाच्या वडलांनी पटका उचलला. "चला, गाडी जुपा." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तोंड लपवायला जागा सापडेना.

तेवढ्यात दारातून सुशी म्हणाली, "मामा, पाळायचं गिराणच न्हाई, तर वेध कशाचे? बसा. भाकरी टाकते."

"पोरगी शाणी हाय!" म्हणत मामा बसले. तिसऱ्या भाकरीला ते विरघळले. "मास्तर, ह्येच्या पुढचं कवा?"

मला पुन्हा चेव आला! "ग्रहणांच्या या मालिकेतलं पुढचं अठरा वर्षं, अकरा दिवस आन् आठ तासांनी. पण ते आठ तास असे, की तवा हितं उजाडलेलं असल. दिसायचं न्हाई."

"मंग हे दिसलं व्हय?"

लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी एकच अट घातली: मुहूर्त मास्तरांनी काढायचा न्हाई. सगळ्यांत आधी "कबूल!" म्हणाली ती माझी आई!