लाल गाडी आणि माझा डावा गुडघा

घरात बंद गाडी असली की गप्पांना विषय शोधावा लागत नाही. चालती गाडी माणसांना घेऊन जाते. बंद गाडीभोवती माणसं येऊन उभी राहतात, आणि येणारा प्रत्येक जण काहीतरी बोलून जातो. आमच्या मखमलाबादच्या शेडमधल्या गाडीभोवती यंदाच्या पावसाळ्यात जी माणसं जमली, त्यांचं बोलणं माझ्याकडे इतकं साठलंय की ते कोणाला तरी ऐकवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

आधी गाडी सांगते. दोन सीटची, विलायती, टप मागे पडणारा, नाक लांब आणि बूड जमिनीला टेकलेलं. आमच्या ह्यांनी देवळाली कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या पारशाकडून घेतली होती. कंपनीचं नाव सांगत नाही. मागे एकदा सांगितलं, तर दारात गिऱ्हाइकं उभी राहिली.

हे असेपर्यंत ती गाडी फक्त ह्यांची. बिघडली की बॉनेट मात्र मी उघडायचं, कारण पाना कसा धरतात तेही ह्यांना माहीत नव्हतं. माझी शाळा सातवीत सुटली. कार्बोरेटर मी शिकले ते द्राक्षाच्या फवारणी पंपाचे नोझल साफ करता करता, कोणी शिकवलं नाही. पण दुरुस्त करून स्टिअरिंगला हात लावला, की ह्यांचं वाक्य तयार असायचं, "ती तुला झेपायची नाही." ट्रॅक्टर झेपतो, जीप झेपते, ही नाही.

हे गेले. गाडी ताडपत्रीखाली गेली, तिच्यावर द्राक्षाचे क्रेट चढले, आणि मी बागेत अडकले ती आत्ता मोकळी झाले.

मोकळी झाले तर डावा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर ऑपरेशन करू, पण नंतर तो किती वाकेल याची खात्री देत नाही. क्लच डाव्या पायाने दाबतात. त्यामुळे जे काय करायचं ते दिवाळीच्या आत. मला झोप लागेना.

*

ताडपत्री काढली त्या दिवशी शेडमध्ये चार जण होतो. मी, माझा मुलगा प्रशांत, नाशिकच्या द्वारका चौकाजवळचा आमचा जुना मेकॅनिक रऊफभाई, आणि माझी धाकटी जाऊ सुमन. सुमनला गाडीतलं काही कळत नाही. ती बोलायला येते.

प्रशांत कॉम्प्युटरवाला. सगळं मोबाइलवर बघून आलेला. म्हणाला, "आई, करायची तर ओरिजिनल. फॅक्टरीतून निघाली तशी. रंगसुद्धा तोच."

आता तो रंग कुठला? प्रशांतने ब्लेड घेतलं आणि दाराचा कोपरा खरवडला. लालखाली हिरवा निघाला. हिरव्याखाली साय रंगाचा. सायीखाली राखाडी. तो घामाघूम झाला, पण हात थांबेना.

सुमन म्हणाली, "खरवड अजून. तळाला इंग्रज सापडेल."

*

रऊफभाईचं म्हणणं वेगळं. तो सरळ माणूस. "मावशी, हे इंजिन म्हणजे सिरदर्द. काढून टाकतो. आजकालचं छोटं इंजिन बसवतो, ऑटोमॅटिक गिअर, एसी. क्लचच नाही राहणार. तुमचा गुडघा बसू दे आरामात."

प्रशांत असा किंचाळला, जसा काही त्याचाच गिअरबॉक्स काढायला निघालेत.

खरं सांगते, क्षणभर मलाही मोह झाला. पण मी म्हटलं, "रऊफ, झेपायची नाही म्हणाले ते क्लचवाल्या गाडीला. बिनक्लचची चालवून मी त्यांना काय दाखवू?"

"मावशी, ते बघायला येणारेत का?"

"तू तुझं काम कर."

त्याने बॉनेट उघडलं. आत मांजरीने पिल्लं घातलेली होती. बॉनेट परत लावलं.

पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत काम बंद. तितके दिवस मी शेडमध्ये खुर्ची टाकून बसायची आणि मांजरीला विचारायची, "झालं का गं तुझं?"

*

मग प्रशांतने मुंबईहून जुन्या गाड्यांचे एक जाणकार बोलावले. हातात पांढरे मोजे घालून आले. गाडीभोवती असे फिरले, जसे गाभाऱ्यात आलेत. दाराखालच्या गंजापाशी वाकले आणि डोळे मिटून म्हणाले, "वा. काय पॅटिना आहे."

मी म्हटलं, "याला आमच्याकडे गंज म्हणतात."

"नाही हो आजी. हे गाडीचं वय आहे. हे ओरिजिनल आहे. माझं ऐका, काही करू नका. जशी आहे तशी ठेवा, फक्त काचेच्या खोलीत ठेवा. रंग नको, दुरुस्ती नको. जे झिजलंय ते झिजलेलंच शोभतं."

मी गुडघ्यावर थाप मारली. "हाही ओरिजिनल आहे. त्या हाडाच्या डॉक्टरला तेवढं समजावून सांगता का?"

त्यांनी मोजे काढले आणि चहा मागितला.

*

चहावरून आठवलं. मांजर पिल्लं घेऊन कोठीघरात गेली आणि मी कार्बोरेटर खोलला. रऊफभाईला पत्रा आणि ब्रेकमध्ये गुंतवून ठेवला होता, हे काम मी कोणाला देत नाही. सगळे बारीक पितळी भाग एका पातेल्यात रॉकेल घालून भिजवले. दुसऱ्या दिवशी काढले, पातेलं घासलं, ओट्यावर पालथं घातलं. घासलं म्हणजे माझ्या मते घासलं.

त्याच दुपारी कळवणहून सुमनचे व्याही आले. पहिल्यांदाच आलेले. सुमनने नेमकं तेच पातेलं घेतलं.

व्याहीबुवांनी पहिला घोट घेतला. विहीणबाईंनी घेतला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पण नव्या सोयरिकीत कोण बोलणार? बशीत ओतून, फुंकून, दोघांनी कप रिकामे केले. व्याहीबुवा घाम पुसत म्हणाले, "वास वेगळाच आहे. गवती चहा का?"

सुमन चेहरा न हलवता म्हणाली, "हो. आमच्या ताईंचा घरचाच."

ते गेल्यावर माझ्याकडे वळली. "ताई, कळवणपर्यंत त्यांना पंपावर थांबायची गरज नाही."

*

गुडघ्याला सवय राहावी म्हणून मी एक युक्ती काढली. सायकलची अर्धवट हवेची ट्यूब गुंडाळून खुर्चीपुढे ठेवायची आणि डाव्या पायाने दाबायची, सोडायची. हातात परात, स्टिअरिंग म्हणून. रोज संध्याकाळी. शेजारी सुमन मेथी निवडत बसायची.

"ताई, घोटीचा नाका आला का?"

"टोलला थांबलेय."

"उजवीकडे बघून काढा. ट्रकवाले लय माजलेत."

हसायची ती. मला हसू यायचं नाही. ट्यूब आज दाबली जायची, उद्या अर्ध्यावर कळ यायची, परवा पुन्हा दाबली जायची. त्या पायाचा काही भरवसा उरला नव्हता. आणि शेडमध्ये ओरिजिनल की नवीन, लाल की हिरवा, हेच चाललेलं. एके दिवशी मी परात आपटली आणि शेडमध्ये जाऊन म्हटलं, "रंग गेला खड्ड्यात. रऊफ, आहे तेच इंजिन सुरू कर. बस."

रऊफभाईने केलं. मीही लागले त्याच्याबरोबर. नवरात्रात एका सकाळी ती खोकली, धूर सोडला आणि धडधडायला लागली. रऊफभाईने डोळे पुसले. धुराने, असं म्हणाला.

त्याच सकाळी प्रशांत शेडच्या दारात उभा राहून म्हणाला, "आई, मी पुण्याच्या वर्कशॉपशी बोललोय. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी ट्रक येतोय. पूर्ण खोलणार, नट न् नट. दोनेक वर्षं लागतील, पण अशी होईल की बघत राहशील."

बघत राहशील. ह्यांचाच मुलगा तो.

*

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या गाड्यांची पूजा एकदम होते. ट्रॅक्टर, टेम्पो, प्रशांतची गाडी, सुमनची स्कूटी. लाल गाडीलाही रऊफभाईने स्वतः झेंडूचा हार आणला आणि चारी चाकांखाली लिंबं ठेवली. बाकीच्या गाड्यांनाही दरवर्षी तोच ठेवतो, त्याच्याशिवाय कोणाला सरळ ठेवता येत नाहीत. लिंबं चिरडली पाहिजेत, म्हणजे गाडी हलली पाहिजे.

प्रशांत म्हणाला, "मी बसतो. दोन फूट पुढे घेतो."

मी म्हटलं, "मी बसते."

"आई, सीट काढून ठेवल्यात."

मी द्राक्षाचा क्रेट आत ठेवला, त्यावर गोधडी टाकली आणि बसले. सुमन आरतीचं ताट घेऊन दुसऱ्या बाजूने आत आली आणि तिथे टाकलेल्या एका पोत्यावर टेकली. म्हणाली, "ओवाळताना गाडी हलली तर तेल सांडेल, आतूनच ओवाळते."

"दोनच फूट, आई," प्रशांत म्हणाला. "बघ हं."

किल्ली फिरवून इंजिन सुरू केलं. पाय क्लचवर ठेवला. अर्ध्यावर कळ आली. मी दोन्ही हातांनी गुडघा धरला आणि सगळं अंग त्याच्यावर घातलं. खाली गेला. माझे हात अडकलेले बघून सुमनने न सांगताच गिअरचा दांडा पुढे ढकलला. मी पाय सोडला. लिंबं फुटली.

दोन फूट झाले. शेडचं दार आलं. फाटक उघडंच होतं, ट्रॅक्टर मिरवायला निघाले होते.

आता पहिला गिअर पडलेला, आणि दुसरा टाकायचा तर क्लच पुन्हा दाबायला हवा. गुडघा दगड झालेला. म्हणून आम्ही पहिल्याच गिअरमध्ये गावातून निघालो. माणूस चालतो त्या वेगाने. रंग अर्धा खरवडलेला, दार तारेने बांधलेलं, पुढे झेंडूचा हार, सुमनच्या मांडीवर पेटतं निरांजन. एका बाजूने प्रशांत चालतोय, दुसऱ्या बाजूने रऊफभाई.

लोक ओट्यावरून उठले. ट्रॅक्टर बाजूला झाले. बागेवरचा आमचा जुना गडी आपट्याची पानं घेऊन आडवा आला. "मावशी, थांबा की! सोनं तर घ्या."

"थांबता येत नाही रे. चालत चालत दे."

तोही चालायला लागला. मग दुसरा, तिसरा. सुमनच्या पदरात पानं पडायला लागली.

डांबरी रस्ता आला. डावीकडे वळलं की फिरून घर, उजवीकडे गंगापूर धरण. मी उजवीकडे वळवली.

प्रशांत धापा टाकत खिडकीशी आला. "आई, थांबव आता."

"क्लच दाबला जात नाही."

"मग ब्रेक दाब. नाहीतर किल्ली बंद कर. किल्ली फिरवली की झालं. काकू, तुम्ही फिरवा."

सुमनने ताट पायाशी ठेवलं. हात पुढे केला आणि किल्ली मुठीत झाकून धरली.

"प्रशांत," ती म्हणाली, "पुढे जा आणि लोकांना बाजूला कर."