आत्याचा तेलाचा हात

महागाव तालुक्यात ज्याच्या पोटाला माझ्या मोठ्या आत्याचा हात लागलेला नाही, असा माणूस भेटला तर तो खुशाल परगावचा समजावा. कुणाचं पोट दुखो, कुणी परीक्षेत नापास होवो, आत्याचं निदान एकच, "बेंबी सरकली." की तेलाची वाटी कोमट व्हायची आणि माणूस आडवा. कापूस बघायला आलेल्या एका व्यापाऱ्यालाही तिनं ओट्यावरच झोपवलं होतं. तो विव्हळत उठला, पण जेवताना भाकरी मागून मागून खाऊ लागला. त्यानंतर आत्याला अडवायची कुणाची टाप!

गेल्या वर्षी माझ्या चिमीला ताप आला. घसा पांढरा, मानेला गाठी. उमरखेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासून विषाणूचा ताप सांगितला.

"मंग विषाणू मारायचं औषध द्या ना," मी म्हणालो.

"या तापात त्याचा फारसा उपयोग नसतो. आराम, तापाचं औषध, घोटघोट पाणी. श्वासाला त्रास झाला तर लगेच आणा. आणि तिच्या पोटातली प्लीहा सुजली आहे. पोट कुणी दाबू नका. फुटली तर जिवावर बेतेल."

चिमीला घरी निजवून मी औषधं आणायला गेलो. बायको स्वयंपाकघरात पेज करत होती. परतलो तर दारातच कोमट तेलाचा वास आला, आणि मी आत धावलो. मागच्या दारानं आत्या आली होती. चिमी चटईवर, फ्रॉक वर केलेला, आत्या तळहात चोळून राह्यलेली.

"आत्या, हात लावू नको!"

जन्मात पहिल्यांदा मी तिच्यावर ओरडलो. हात हवेतच थांबला. मी कसंबसं सगळं सांगितलं. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"लेकरू पोट दुखते म्हणे. मले काय मालूम, बापा!"

मग ती दोन्ही हात मांडीखाली दाबून चिमीजवळ बसली. चिमी झोपेत घोरली तरी आत्या दचकून आम्हाला हाका मारायची. हात बाहेर निघत ते फक्त चमच्यानं पाणी पाजायला. ताप उतरेपर्यंत ती घरी गेली नाही.

पुढे डॉक्टरांनी चिमीला खेळायची मोकळीक दिली. ती आत्यापुढे आडवी झाली, "आजी, आता चोळ."

आत्यानं वाटी घेतली, स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि चिमीच्या तळपायांना तेल लावलं.

"पायच चोळतो मी आता."

बेंब्या अजून सरकतात, लोक अजून येतात, आणि तळपायाला तेल लावून परत जातात. तो दांडगा, कुणाला न विचारणारा हात गेला. चिमी अंगणात उड्या मारते तेव्हा तो हात थांबवल्याचं समाधान वाटतं, आणि आत्या दारात हात पदराखाली घेऊन बसलेली दिसली की गलबलून येतं.