दुसरी वेणी

आमच्या हैदराबाद राज्याचे भाषेवरून तुकडे झाले, त्या दिवसांत काचीगुडा स्टेशन म्हणजे आम्हा मराठी माणसांची रडायची जागा झाली होती. मराठवाडा पत्करलेले सरकारी नोकर तिथून गाडीत बसत. राहणारे त्यांना दशम्यांचे डबे देऊन, नाक पुसत घरी येत.

माझी आई मी दीड वर्षाची असताना गेली. मला वाढवलं काकूनं. शहरात जामबाग मोहल्ल्यात दोन खोल्यांत काका, काकू, बाबा आणि मी. दोघे भाऊ कारकून, वेगवेगळ्या कचेऱ्यांत. ते एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, अदब होती. काका समोर बसलेले असले तरी बाबा म्हणायचे, “वहिनी, दादांना विचारा, आज भाजी कोणती आणू?” या अदबीचा मला आजही संताप येतो.

नोकरीला कुठं जायचं ते लिहून द्यायचा कागद आला, तेवढा मात्र दोघांनी काकूपासून लपवला. कचेरीतली गोष्ट बायकांना कशाला! काकांनी मराठवाडा लिहिला, बाबांनी हैदराबाद. हुकूम हातात पडले तेव्हा काकूला कळलं. तिनं मला मागितलं. पण बाबांना माझ्याशिवाय होतं कोण?

स्टेशनवर ती ट्रंकेवर बसून माझ्या वेण्या घालत होती. एक झाली, दुसरी अर्ध्यावर आली, तोच हमाल आला. “जरा सरको अम्मा, गाडी लग गई.” काकू उठली. बाबांना राहवलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी थेट विचारलं, “दादा, तुम्ही मराठवाडा का लिहिलात?”

“तुझं मन इथं लागत नव्हतं. वाटलं, तू गावाकडंच जाशील. तुला एकटं कसं सोडू?”

“आणि मी तुमच्यासाठी हैदराबाद लिहिलं! तुम्हाला हे शहर सुटायचं नाही म्हणून.”

काका पुटपुटले, हुकूम बदलायचा अर्ज करू. पुढं केलाही, तो नामंजूर झाला.

गाडी हलली. काकूनं खिडकीचे गज धरले होते. “एवढं एकच माझ्या तोंडून विचारलं नाहीत,” ती ओरडून म्हणाली. “माझी पोर गेली ना हो!”

अर्धी राहिलेली वेणी बाबांनी प्लॅटफॉर्मवरच कशीबशी घातली. जामबागेत पोचेपर्यंत ती सुटली. चपला काढता काढता बाबांचं लक्ष गेलं आणि ते सवयीनं स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले, “वहिनी, पोरीची वेणी सुटली बघा.”