टाचेखाली फुटलेली हलगी

माझा राग वाईट. ऑफिसात एकाच्या अंगावर मी स्टेपलर फेकून मारलाय, घरात ताटं भिरकावलीत, दार आपटताना स्वतःचंच बोट चेचून घेतलंय. दादा, म्हणजे माझे वडील, रोज पहाटे बुद्धमूर्तीपुढे डोळे मिटून बसतात. मलाही बसवायचे. माझे डोळे मिटले की समोर ज्याला बडवायचं तोच यायचा.

मग लातूरच्या एका पथकात हलगी हाती आली. जाळावर कातडं तापवायचं, खांद्याला अडकवायची आणि टिपरूच्या काठीनं झोडपत सुटायचं. आधी डोक्यात तो माणूस असतो. मारता मारता तो जातो, नुसता ठेका उरतो, मग श्वास. तळहात सोलून निघायचे, पण त्या दिवशी मी शांतपणे जेवायची. हलगी गेली तर माझ्या हातून एखाद्याचं डोकं फुटेल, याची मला खात्री होती.

दादांना हे सांगायची सोय नव्हती. आमच्या घरात हलगी म्हणजे शिवी. धम्म घेतल्यावर आजोबांनी गावाची हलगी वाजवायचं सोडलं. उदगीरजवळच्या आमच्या गावात जत्रेदिवशी त्यांना चावडीपुढे काठ्यांनी मारलं, हात मोडला, तरी त्यांनी टिपरू उचललं नाही. ही गोष्ट दादा आम्हाला छाती फुगवून सांगायचे.

त्या रविवारी ते चाकूरला लग्नाला गेले होते, म्हणून मी गच्चीवर कागद पेटवून हलगी तापवत बसले. ते लवकर परतले. त्यांनी ती हिसकावली, खाली आपटली आणि टाच घातली. कातडं टर्रकन फाटलं.

"ह्या घरात हे न्हाई," ते म्हणाले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी टिपरू त्यांच्या डोक्यावर उगारलं.

दादा मटकन खाली बसले. "मारू नका, मालक," ते पोराच्या आवाजात म्हणाले. "बाबाला सोडा. म्या वाजवतो."

आणि फुटलेल्या हलगीच्या कड्यावर त्यांची बोटं चालू लागली. जत्रेचा ठेका होता, मी पथकात शिकलेला. त्यांचा कुठेच चुकत नव्हता.

आजोबांनी वाजवली नव्हती हे खरंच होतं. माझा हात आपोआप खाली आला. रोज पहाटे डोळे मिटून दादा काय ऐकत बसतात, ते मला तेव्हा कळलं.