चीफनी बंद न केलेलं कार्ड

आमच्या युनिव्हर्सिटीच्या सिक्युरिटीचे हेड मूळचे गुहागरकडचे. प्राध्यापकांपासून बागेतल्या माळ्यांपर्यंत सगळे त्यांना 'चीफ' म्हणत. मी रजिस्ट्रारच्या ऑफिसात. आम्ही दोघं मराठी, म्हणून मी त्यांना काका म्हणायचे. ते मात्र मला शेवटपर्यंत मॅडमच म्हणत राहिले.

आखातात आल्यावर ते आधी जबल अली बंदरात एका गोदामावर वॉचमन होते. कॅम्पस सुरू झाला तेव्हा इथे दोन इमारती होत्या आणि बाकी सगळी वाळू. तेव्हापासून ते इथल्या गेटवर. मग शिफ्ट सुपरवायझर, मग हेड. वीसेक वर्षांत चार रजिस्ट्रार आले नि गेले, चीफ तेच राहिले. कंट्रोल रूममध्ये भिंतभर स्क्रीन होते, तरी हा माणूस निम्मा दिवस उन्हात पायी फिरायचा. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "स्क्रीनसमोर बसलं की मला झोप येते."

एका सकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात एका चिठ्ठीवर विद्यार्थिनीचा नंबर होता.

"मॅडम, हिचा वर्ग कुठला, जरा बघता का?"

"काय केलं तिने?"

"काही नाही. रोज पावणेआठला येते, गुड मॉर्निंग म्हणते, चारला जाते. मेकॅनिकल सेकंड इयर म्हणाली होती. काल तो सगळा वर्ग बसने साइट व्हिजिटला गेला. ही इथेच."

मी नंबर टाकला. मुलीचं ॲडमिशन मागच्या सेमिस्टरलाच रद्द झालं होतं. दोनदा नापास, मग नियमाप्रमाणे पत्र. म्हणजे तीन महिने ती कुठल्याच वर्गात नव्हती. तिचं गेटवरचं कार्ड तेव्हाच बंद व्हायला हवं होतं. आमच्या ऑफिसातून ॲडमिशन रद्द झालेल्यांची यादी सिक्युरिटीकडे गेलीच नव्हती. चूक आमची होती. मी म्हटलं, "काका, आत्ताच बंद करा."

"करतो," ते म्हणाले. "पण आज केलं तर उद्या सकाळी ती घरातून निघून जाईल कुठे?"

त्यांनी ते केलं नाही. रजिस्ट्रारना जाऊन सरळ सांगितलं, मला चार दिवस द्या. रजिस्ट्रार चिडले, पण चीफशी वाद घालायची कोणाला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मलाही राहवेना. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यासोबत लायब्ररीत गेले. तिसऱ्या मजल्यावर, नकाशांच्या कपाटांमागे ती बसली होती. समोर ओमानच्या डोंगरांचा मोठा नकाशा पसरलेला, बाजूला वही. चीफनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "हे काय आहे, बेटा?"

मला वाटलं, ती घाबरेल. पण तिने खडकांचे थर दाखवायला सुरुवात केली. इथे समुद्राचा तळ वर आलाय, हा हिरवा रंग म्हणजे अमुक दगड. चीफ प्रश्न विचारत गेले, आणि ते प्रश्न खरेच होते. त्यांना ते समजून घ्यायचं होतं. दहा मिनिटांनी ती मधेच थांबली आणि इंग्रजीत म्हणाली, "तुम्हाला कळलंय, हो ना?"

"हो," ते म्हणाले. "घरी तू सांगशील, की आपण दोघं सांगू?"

वडील दोन दिवसांनी आले. पुण्याचे, इथल्या इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत राहणारे, एका लॉजिस्टिक्स कंपनीत मॅनेजर. चीफच्या छोट्या खोलीत आम्ही चौघं बसलो. सगळं ऐकून ते मुलीकडे वळले. "तीन महिने? डबा घेऊन जात होतीस रोज. आईने पहाटे उठून केलेला डबा."

"आय डिडंट नो हाऊ टू टेल यू, बाबा."

"मग दिवसभर करत काय होतीस?"

तिने वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली. निम्मी चित्रं, निम्म्या नोंदी. "हे तुला कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. कोणीच नाही, ती म्हणाली. त्यांचा राग गेला नव्हता, पण वही त्यांनी परत दिली नाही. काखेत धरूनच ते उठले. चीफनी तिच्याकडून कार्ड मागून घेतलं आणि दोघांना गेटपर्यंत सोडलं.

पुढे ती भूगर्भशास्त्र शिकायला पुण्याला गेली. कार्ड बंद करायला उशीर केला म्हणून चीफच्या फाइलला ताकिदीचं एक पत्र लागलं. इतक्या वर्षांतलं पहिलंच. मला फार अपराधी वाटलं. मी विचारलं, "काका, तुम्ही हे का केलंत?" मला वाटलं, ते स्वतःच्या मुलीबद्दल, गावाबद्दल काही सांगतील.

ते थोडे ओशाळले. "खरं सांगू? ती तीन महिने करतेय काय, हे मला बघायचं होतं. कार्ड बंद केलं असतं तर ते कधी कळलंच नसतं."

मागच्या वर्षी ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी नव्या हेडला सबंध कॅम्पस पायी फिरवला. मीही त्यांच्या मागून चालत होते. तो तरुण अधिकारी घाम पुसत, यल्ला यल्ला करत घाई करत होता. चीफ प्रत्येक जिन्याशी थांबून इथे कोण बसतं, केव्हा बसतं, ते सांगत होते.