वजन वाचणारी

"एकाहत्तर. हिला कारखान्याच्या काट्यावर न्या रं, ट्रॉलीसकट."

आठवीचा वर्ग. इस्लामपूरजवळची शाळा. आरोग्य तपासणीचा तास. आमच्याकडची पद्धत अशी, की एकानं काट्यावरचा आकडा ओरडायचा आणि दुसऱ्यानं वहीत लिहायचा. माझा आवाज मोठा, म्हणून ओरडायचं काम माझं. सगळ्यांची वजनं मीच ओरडले. माझी पाळी आली तेव्हा सर स्वतः वाकले, आणि वरचं वाक्य बोलले.

वर्ग हसला. उसाच्या गावातली पोरं ती. भरलेली ट्रॉली काट्यावर कशी चढते, सगळ्यांनी बघितलेलं. मीही हसले. न हसून जाणार कुठं?

"हं, पुढचं," सर म्हणाले.

पुढची अश्विनी. हडकुळी. मी ओरडले, "सत्तावीस." आणि न विचारता वर म्हणाले, "सर, ही तर नुसतं उसाचं वाडं हाय, शेंड्याचा पाला. म्हशीम्होरं टाका."

वर्ग पुन्हा हसला. या वेळी माझ्यावर नाही. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं अजून अंगावरून उतरलेलं नाही.

अश्विनी रडली नाही. काट्यावरून उतरायचंच विसरली. मीच तिला दंडाला धरून खाली ओढलं. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. मला दहावीपर्यंत सगळे ट्रॉली म्हणायचे.

आता मी विश्रामबागेतल्या एका शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात वर्गात काटा आला. थोरल्या मॅडम म्हणाल्या, "तुमचा आवाज लय मोठा. तुमी वाचा, मी लिहिते."

रांगेत एक मुलगी स्वेटर काढत होती. मग बूट. मग केसांतल्या पिना. तिच्यामागची एक खिशात खडे भरत होती.

"मी वाचणार नाही."

"आवं मॅडम, नुसतं वजन हाय. त्यात काय एवढं?"

"मग आधी तुमचं वाचू?"

त्यांनी वही मिटली. काटा उचलून मी प्रयोगशाळेत नेला. एकेकाला आत घेतलं, दार लावून. आकडा चिठ्ठीवर, चिठ्ठी घडी घालून ज्याची त्याच्या हातात. बाहेर कुरकुर चालली होती, वेळ जातोय म्हणून. जाऊ दे.

यानं अश्विनी परत येत नाही. ती कुठं आहे, मला माहीत नाही.

पण ज्या शाळेत पोरांची वजनं ओरडली जातील, तिथं मी जाणार. ओरडणाऱ्याचं नाव भर वर्गात मोठ्यानं वाचणार. यादी केली आहे. पहिलं नाव माझं.